साठीची बेगमी विशीत

वार्धक्याचा विचार हा भारतात बहुतेक वेळा वृद्धांचा आणि फार तर त्यांच्या मुलांचा विषय मानला जातो. विशी-पंचविशीतील कोणी तो मनात आणला तर त्यात काही तरी अकाली, किंबहुना अभद्र असल्यासारखे घरच्यांना वाटते. ही समजूत ज्या काळात रुजली त्या काळात तिला आधार होता. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतातील सरासरी आयुर्मान, म्हणजे जन्माला आलेले मूल त्या काळातील मृत्युदर कायम राहिल्यास सरासरी किती वर्षे जगेल याचा अंदाज, सुमारे ३२ वर्षांचा होता. याचा अर्थ लोक तिशीत म्हातारे होऊन मरत असा नव्हे. बालमृत्यूंचे प्रमाण भयंकर असल्यामुळे सरासरी खाली ओढली जात होती आणि बालपणातून तगलेल्यांपैकी काही जण ऐंशी वर्षेही जगत. पण म्हातारपण सर्वांच्या वाट्याला येईलच असे गृहीत धरता येत नव्हते. आज तेच आयुर्मान सत्तरीच्या घरात गेले आहे, आणि साठी गाठलेल्या व्यक्तीपुढे सरासरी आणखी १८ वर्षे असतात, स्त्रियांच्या बाबतीत त्याहून थोडी अधिक. आज कॉलेजात बसलेल्या किंवा पहिल्या नोकरीवर रुजू झालेल्या बहुसंख्य तरुण-तरुणींना म्हातारपण येणार आहे आणि ते चांगले लांबलचक असणार आहे, एवढे आता गृहीत धरावे लागते.

२०११च्या जनगणनेत साठ वर्षांवरील व्यक्ती सुमारे १०.४ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होत्या. महाराष्ट्रात हे प्रमाण १० टक्क्यांच्या जवळ होते. संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०५० सालापर्यंत देशातील दर पाच माणसांमागे एक माणूस साठीपुढचा असेल. हे सारे लोक आज जिवंत आहेत, पस्तिशीत किंवा त्यापुढे आहेत, आणि २००० साली जन्मलेली पिढी त्यांच्या मागोमाग २०६० साली साठीत प्रवेश करील. दुसरीकडे एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला तिच्या प्रजननक्षम वयात सरासरी किती मुले होतात याचे माप, २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रासाठी १.७ इतके आढळले. मागच्या पिढ्यांच्या म्हातारपणाला दोन टेकू होते: घरात राहणारा निदान एक मुलगा आणि सून, आणि ज्यांच्या नशिबी सरकारी किंवा बँकेची नोकरी होती त्यांच्यासाठी मरेपर्यंत मिळणारी पेन्शन. आज विशीत असलेल्या पिढीला यांपैकी एकाचीही हमी नाही. एकुलत्या एका मुलाचे एकुलत्या एका मुलीशी लग्न झाले की त्या दोघांवर चार आईबापांची जबाबदारी येते, आणि तीच दोघे म्हातारी होतील तेव्हा त्यांच्यामागे एक अपत्य असेल किंवा नसेल. म्हातारपणाची तयारी हा तरुणांचा विषय झाला आहे तो या कारणाने. त्यामागे निराशा नसून साधा हिशेब आहे.

हा हिशेब शरीरापासून सुरू होतो. साठ हा आकडा सरकारी कामकाजाच्या सोयीसाठी ठरवलेला आहे, शरीराला तो ठाऊक नाही. हाडांचेच पाहावे. हाडांमध्ये खनिजांचा जो साठा असतो तो बालपणापासून वाढत जातो, तिशीच्या आसपास त्याची कमाल मर्यादा गाठली जाते आणि त्यानंतर तो हळूहळू घटू लागतो. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतरच्या काही वर्षांत ही घट एकदम वेग घेते. सत्तरीत बाथरूममध्ये पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले, तर त्या मोडण्याची निम्मी कहाणी ओल्या फरशीत असते आणि निम्मी विसाव्या वर्षी त्या शरीरात किती साठा जमला होता त्यात. स्नायूंचेही असेच आहे. वय वाढताना स्नायूंचे आकारमान आणि ताकद कमी होत जाते, या स्थितीला वैद्यकात सार्कोपेनिया असे नाव १९८९ साली मिळाले; तिशीनंतर दर दशकात स्नायूंचे वस्तुमान काही टक्क्यांनी उतरते आणि साठीनंतर उतार अधिक तीव्र होतो. चालण्याने हृदयाला फायदा होतो, पण स्नायू टिकवायचे तर त्यांना भार लागतो, म्हणजे वजन उचलणे, जोर-बैठका, जिने चढणे. आणि भाराच्या जोडीला आहारात पुरेशी प्रथिने लागतात, जी पोळी-भाजी-भाताच्या रोजच्या शाकाहारी ताटात डाळ, उसळ, दूध-दही जाणीवपूर्वक वाढवल्याशिवाय पुरत नाहीत.

ब्राझीलमधील डॉक्टर क्लॉडिओ जिल अराउजो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ५१ ते ८० वर्षांच्या दोन हजार स्त्री-पुरुषांना जमिनीवर बसायला आणि शक्य तितका कमी आधार घेऊन उठायला सांगण्यात आले. हात, गुडघा, कोपर जे काही टेकावे लागेल त्यासाठी गुण कापले गेले, आणि पुढच्या काही वर्षांत कमी गुणांच्या गटातील मृत्यूंचे प्रमाण जास्त गुणांच्या गटापेक्षा बरेच अधिक आढळले. उठता न येणे हे मृत्यूचे कारण ठरते असे यातून सिद्ध होत नाही. ताकद, लवचीकता, तोल आणि वजन या सर्वांची मिळून काय अवस्था आहे हे त्या एका कृतीत दिसते, इतकाच त्याचा अर्थ. महाराष्ट्रातील घराघरांत दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत ही चाचणी रोज होत असे. पंगतीत पाटावर मांडी घालून जेवणे, देवापुढे बसणे, विळीवर भाजी चिरणे, जात्यावर दळणे या सगळ्यांत जमिनीशी ये-जा होती. त्या जुन्या स्वयंपाकघरांत बायकांच्या कंबरेचे जे हाल होत त्यांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तरीही डायनिंग टेबल, सोफा, कमोड आणि ऑफिसची खुर्ची यांमध्येच ज्यांचा दिवस सरतो अशा पंचविशीच्या मुलामुलींनी दिवसातून काही वेळा जमिनीवर बसून हात न टेकता उठून पाहावे. त्याला कसलाही खर्च येत नाही, आणि जे आज जमत नाही ते सत्तरीत आपोआप जमणार नाही हे त्यातून लगेच कळते.

शरीराच्या या जमाखर्चात भारतीयांची सुरुवातच काहीशी मागून होते, हे दाखवून देणारे महत्त्वाचे काम पुण्यात झाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पथकाने १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांच्या गर्भारपणाचा आणि त्यांच्या मुलांचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला. या मुलांचे जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास होते, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे साडेतीन किलो. पण पुण्याच्या या बारक्या बाळांमध्ये स्नायू आणि अवयव कमी असूनही त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. वरून किरकोळ आणि आतून चरबीयुक्त अशी ही ठेवण पुढे मधुमेह आणि हृदयविकाराला अनुकूल ठरते. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते. उंची आणि वजन यांच्या गुणोत्तरावरून काढला जाणारा शरीरभार निर्देशांक दोघांचाही २२.३ होता, परंतु युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी होती. वजनाचा काटा ठीक दाखवतो म्हणून निर्धास्त राहणाऱ्या सडपातळ तरुणाने कंबरेचा घेर आणि रक्तातील साखर तिशीच्या आत एकदा तरी का मोजावी, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. गर्भवती मुलीच्या पानात आज काय पडते, यावर आणखी साठ वर्षांनी त्या पोटातील जिवाचे म्हातारपण अंशतः ठरते, हा या अभ्यासाचा त्याहून खोल अर्थ आहे.

म्हातारपण सर्वांना एकाच वयात येत नाही, आणि इथे व्यायाम-आहाराचे सल्ले तोकडे पडतात. मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून दर वर्षी लाखो मजूर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, घेऊन नवरा-बायकोची जोडी एक ‘कोयता’ म्हणून मोजली जाते. पहाटेपासून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावरून वाहून गाडीत चढवायच्या, आणि एक दिवस काम चुकले तर खाडा म्हणून पैसे कापून द्यायचे. या बायकांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण विलक्षण असल्याच्या तक्रारी आल्यानंतर २०१९ साली राज्य शासनाने समिती नेमली; बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले, आणि त्यांतील अनेक जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले गेले तर स्त्री-संप्रेरके एकाएकी थांबतात आणि रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते. बीजकोश ठेवले तरी ते नेहमीपेक्षा लवकर निकामी होण्याचा धोका राहतो. ज्या वयात शहरातील मुलगी हाडांचा साठा कसा वाढवावा याचे व्हिडिओ पाहत असते, त्या वयात बीडमधील तिच्याच वयाची, अशी शस्त्रक्रिया झालेली बाई डोक्यावर मोळी वाहत असतानाच हाडांचा साठा घालवू लागलेली असते. पाळीच्या दिवसांतली सुट्टी, फडाजवळ शौचालय आणि पाणी, फिरत्या दवाखान्यात वेळेवर उपचार या गोष्टी तिला मिळाल्या असत्या, तर तिची पन्नाशी सत्तरीसारखी झाली नसती. वार्धक्याच्या तयारीबद्दलचे कोणतेही लेखन या बाईला वगळून केले तर ते अर्धवटच राहील.

कान आणि मेंदू यांबद्दल थोडक्यात सांगता येईल. वृद्धापकाळातील स्मृतिभ्रंश, म्हणजे स्मरण, भाषा आणि रोजचे व्यवहार हळूहळू ढासळत नेणारे मेंदूचे विकार, यांवर ‘लॅन्सेट’ने नेमलेल्या तज्ज्ञगटाने २०२४ साली असा निष्कर्ष काढला की टाळता येण्याजोगे १४ धोके पूर्णपणे हटवले तर जगातील अशा विकारांपैकी सुमारे ४५ टक्के टाळता किंवा लांबवता येतील. या चौदांमध्ये लहान वयात पुरेसे शिक्षण न मिळणे, मध्यम वयात ऐकू कमी येणे, उच्च रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, तंबाखू, अतिमद्यपान, हवेचे प्रदूषण आणि उतारवयातील एकटेपणा हे आहेत. यांतील बहुतेक गोष्टींची सुरुवात चाळिशीच्या आत होते. बारा ते पस्तीस वयोगटातील शंभर कोटींहून अधिक लोकांना मोठ्या आवाजामुळे श्रवणहानीचा धोका आहे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि कानात सतत इअरफोन असणाऱ्या तसेच गणपती-विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढे तासन्‌तास नाचणाऱ्या तरुणांनी हा आकडा स्वतःला लावून पाहावा.

पैशाची बाजू सर्वांत जास्त गैरसमजांनी भरलेली आहे. जुनी सरकारी पेन्शन ‘निश्चित लाभ’ पद्धतीची होती, म्हणजे शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम अधिक महागाई भत्ता आयुष्यभर मिळण्याची हमी शासनाने घेतलेली होती. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर नोकरीत आलेल्यांसाठी ती बंद झाली आणि ‘निश्चित अंशदान’ पद्धत आली, जिच्यात दरमहा किती भरायचे हे ठरलेले असते पण शेवटी किती मिळणार हे बाजारावर अवलंबून असते. २०२३च्या मार्चमध्ये राज्य कर्मचाऱ्यांनी केलेला संप याच प्रश्नावर होता, आणि त्यानंतर केंद्राने १ एप्रिल २०२५पासून हमीचा काही भाग परत आणणारी एकीकृत योजना सुरू केली. खासगी क्षेत्रात पीएफ असलेल्यांना ‘पेन्शन तर आहेच’ असे वाटते. ती किती, हे मात्र क्वचितच कोणी मोजून पाहते. १९९५च्या कर्मचारी पेन्शन योजनेचे सूत्र असे आहे की पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षे भागिले ७०. २०१४ साली ठरलेली १५,००० रुपयांची पगारमर्यादा धरली आणि कोणी ३५ वर्षे अखंड नोकरी केली, तर महिन्याला साडेसात हजार रुपयांच्या आसपास रक्कम हाती येते, आणि महागाईबरोबर ती वाढत नाही. दहा वर्षांची सेवा पूर्ण न झाल्यास मासिक पेन्शनचा हक्कच मिळत नाही. नोकरी बदलताना पीएफ काढून मोटारसायकल किंवा मोबाइल घेण्याची जी सहज सवय तरुणांमध्ये दिसते, तिची खरी किंमत ही आहे.

बचत लवकर सुरू करावी हा सल्ला सर्वत्र दिला जातो आणि तो खराच आहे, पण त्याचा उरलेला अर्धा भाग सांगितला जात नाही. वर्षाला ८ टक्के परतावा मिळतो असे धरले, तर पंचविसाव्या वर्षापासून दरमहा ३,००० रुपये बाजूला टाकणाऱ्याजवळ साठीला सुमारे ६९ लाख रुपये जमतात, तर तीच रक्कम पस्तिसाव्या वर्षापासून टाकणाऱ्याजवळ साडेअठ्ठावीस लाख. मुद्दलातला फरक अवघा ३ लाख ६० हजारांचा, आणि बाकीचे अंतर चक्रवाढीने, म्हणजे व्याजावर मिळत जाणाऱ्या व्याजाने, निर्माण केलेले. आता महागाई वर्षाला ६ टक्के धरली, तर ३५ वर्षांत किमती साडेसात पटींहून अधिक वाढतात आणि ते ६९ लाख आजच्या सुमारे नऊ लाखांइतकेच सामान विकत घेऊ शकतात. नऊ लाख साठीनंतरच्या १८ वर्षांवर सरळ वाटले तर महिन्याला चार हजार रुपयांच्या आसपास पडतात. जाहिरातीतला मोठा आकडा पाहून निश्चिंत होणाऱ्याची फसगत इथे होते. पगार वाढेल तशी बचतही त्याच प्रमाणात वाढवत नेली तरच लवकर सुरुवात केल्याचा उपयोग आहे. असंघटित कामगारांसाठी २०१५ साली सुरू झालेल्या अटल पेन्शन योजनेलाही हाच हिशेब लागू पडतो: अठराव्या वर्षी महिन्याला २१० रुपये भरायला सुरुवात केली तर साठीनंतर दरमहा ५,००० रुपये मिळतात, चाळिसाव्या वर्षी तीच पेन्शन हवी असल्यास १,४५४ रुपये भरावे लागतात, पण ४२ वर्षांनंतरच्या त्या पाच हजारांची किंमत ६ टक्के महागाईने आजच्या ४३० रुपयांच्या आसपास असेल. योजना वाईट आहे असा याचा अर्थ नव्हे, ती पुरेशी नाही असा आहे. आणि ज्यांच्यापाशी तेवढेही नाही अशा पासष्टीपुढच्या निराधारांना राज्य शासन श्रावणबाळ योजनेतून महिन्याला १,५०० रुपये देते.

या सर्व गणितांत स्त्रीचा रकाना वेगळा मांडावा लागतो. ती सरासरी अधिक वर्षे जगते, नवऱ्यापेक्षा वयाने बहुधा लहान असते, म्हणून तिच्या म्हातारपणाचा मोठा भाग वैधव्यात जातो. आणि मुलाच्या जन्मानंतर किंवा सासूच्या आजारपणात नोकरी सोडणारी तीच असते, त्यामुळे सेवेची वर्षे आणि पीएफ तिचेच तुटतात. घरातील वृद्धांची सेवा करून जिने दुसऱ्यांचे म्हातारपण सावरले तिच्या स्वतःच्या म्हातारपणासाठी त्या वर्षांत एक रुपयाही जमा झालेला नसतो. लग्न ठरवताना मानपान, हॉल आणि दागिने यांवर जी तासन्‌तास बोलणी होतात त्यांत हा प्रश्न निघायला हवा, की नोकरीत खंड पडल्यास त्या काळात तिच्या नावावर दरमहा रक्कम कोण टाकणार. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी किंवा राष्ट्रीय पेन्शन योजनेचे खाते तिच्या स्वतःच्या नावाने उघडायला नोकरीची अट नाही.

घर आणि कायदा यांच्याकडेही तरुण वयातच पाहावे लागते. वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले, आणि सर्व मिळकत मुलांना वाटून रिकाम्या हाताने उभे राहिलेले अप्पासाहेब बेलवलकर मराठी माणसाच्या मनात कायमचे बसले. अशा माणसाला दाद मागता यावी म्हणून २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ आणि कल्याण कायदा झाला. त्यानुसार मुलांकडून निर्वाहखर्च मागण्यासाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, आणि सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली असेल व ती अट पाळली गेली नाही तर ते हस्तांतरण रद्द करता येते. म्हणून बक्षीसपत्रात ती अट लिहिलेली असणे महत्त्वाचे. घरातील हा दस्त बहुधा कॉम्प्युटर जाणणारा मुलगा किंवा मुलगीच तयार करून आणते, तेव्हा अटीचा तो एक परिच्छेद आईवडिलांच्या वतीने आवर्जून घालणे हे त्यांचे कर्तव्य ठरते. स्वतःपुरते पाहायचे तर बँक, पीएफ आणि विम्यातील नामनिर्देशन लग्नानंतर बदलणे आणि धडधाकट असतानाच कंपनीच्या विम्याव्यतिरिक्त स्वतःचा आरोग्यविमा घेणे, कारण कंपनीचा विमा नोकरीबरोबर संपतो, ही कामे तिशीच्या आतली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केलेले आणि २०२३ साली सुलभ केलेले वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे बरे होण्याची आशा नसताना केवळ यंत्रांच्या आधारे आपल्याला ठेवू नये अशी आगाऊ लेखी सूचना, अठरा वर्षांवरील कोणालाही करता येते; अपघात वय पाहून होत नाहीत, त्यामुळे तेही केवळ वृद्धांचे काम नव्हे.

राहतो मनाचा भाग, आणि तो वाटतो तितका हवेतला नाही. केवळ वयावरून माणसाला कमी लेखण्याच्या प्रवृत्तीकडे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६९ साली वंशभेद आणि लिंगभेद यांच्या जोडीचा भेद म्हणून लक्ष वेधले. ‘साठी बुद्धी नाठी’ असे मराठीत हसत हसत म्हटले जाते, पण अशी वाक्ये ऐकत वाढलेल्या माणसाचे पुढे काय होते याचा अभ्यास मानसशास्त्रज्ञ बेका लेव्ही यांनी केला आहे. त्यांच्या २००२च्या अभ्यासात पन्नाशी ओलांडलेल्या ६६० व्यक्तींपैकी ज्यांची स्वतःच्या वार्धक्याबद्दलची दृष्टी सकारात्मक होती ते इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षे अधिक जगले. तरुणांच्या दृष्टीने २००९चा अभ्यास अधिक बोलका आहे: ज्यांनी पन्नाशीच्या आत असताना वृद्धांबद्दल तुच्छतेच्या कल्पना बाळगल्या होत्या, त्यांना पुढच्या ३८ वर्षांत हृदय आणि रक्तवाहिन्यांचे आजार जास्त प्रमाणात झाले. म्हातारपण म्हणजे निरुपयोगीपण असे ज्याने विशीत पक्के ठरवले, तो चाळिशीत व्यायाम आणि औषधे यांचा खटाटोप कशासाठी करील, हे त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले ते १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, आणि त्यानंतर ते आणखी २६ वर्षे जगले. असे आयुष्य अपवादात्मक असते हे खरे, तरी मराठी मुलांना कर्वे शिकवताना त्यांच्या स्त्रीशिक्षणाच्या कार्याबरोबर ही तारीखही शिकवायला हवी.

तरुण मनाला स्वतःचे म्हातारपण परक्या माणसाचे वाटते, हीच मूळ अडचण आहे. हॅल हर्शफिल्ड आणि सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तरुणांना संगणकाने म्हातारा केलेला त्यांचाच चेहरा दाखवला, तेव्हा त्यांनी निवृत्तीसाठी अधिक रक्कम बाजूला ठेवण्याची तयारी दाखवली. त्याच्या कितीतरी आधी, १९७९ साली, पॅट्रिशिया मूर ही सव्वीस वर्षांची अमेरिकन वस्तुरचनाकार याहून पुढे गेली. ज्यांचे हात संधिवाताने आखडले आहेत त्यांना उघडता येईल असे फ्रिजचे दार आपण का करू नये, असे तिने कामाच्या ठिकाणी विचारले, तेव्हा तसल्या लोकांसाठी आपण वस्तू घडवत नाही या अर्थाचे उत्तर तिला मिळाले. मग रंगभूषेने सुरकुत्या, धूसर दिसेल असा चष्मा, ऐकू कमी यावे म्हणून कानांत बोळे, सांधे वाकू नयेत म्हणून पट्ट्या असे सोंग घेऊन ती तीन वर्षे अधूनमधून अमेरिका आणि कॅनडातील शंभराहून अधिक शहरांत वृद्ध बाई म्हणून वावरली. तिला ढकलण्यात आले, दुकानात तिच्याकडे दुर्लक्ष झाले, पोरांच्या टोळीने तिला मारहाण केली. शरीर तरुणच असताना केवळ दारे, पायऱ्या, बाटल्यांची झाकणे आणि लोकांच्या नजरा यांनी तिला म्हातारे करून टाकले. पुढे जाड, मऊ मुठीच्या स्वयंपाकघरातील साधनांसारख्या, कोणत्याही वयाच्या हाताला चालतील अशा वस्तू घडवण्याच्या चळवळीत तिने महत्त्वाचे काम केले.

महाराष्ट्रातील शहरांना हीच कसोटी लावावी. मुंबई-पुण्यातील लिफ्ट नसलेल्या चार मजली सोसायट्यांत तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा गुडघे गेल्यावर महिनोन्‌महिने खाली उतरत नाहीत. एसटीची पहिली पायरी साडी नेसलेल्या सत्तरीच्या बाईला हात धरून चढवावी लागते. फुटपाथ दुकानदाराच्या सामानाने आणि दुचाकींनी भरलेला असल्यामुळे काठी टेकणारा माणूस रस्त्यावरून चालतो. जोर-बैठका, दरमहाची बचत आणि अटीसह लिहिलेले बक्षीसपत्र यांनी हे सुटणारे नाही, कारण हे कोणा एकाच्या म्हातारपणाचे प्रश्न नाहीत. राज्यभर ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, त्यांचा फेसकॉम हा महासंघ आहे, आणि सवलती, पेन्शन आणि सोयी यांसाठी त्यांची निवेदने वर्षानुवर्षे कार्यालयांत जात असतात. त्यांवर सह्या असतात त्या बहुधा सत्तरीपुढच्या हातांच्या. कर्मचारी पेन्शनची किमान रक्कम २०१४पासून १,००० रुपये आहे आणि ती वाढवावी म्हणून आंदोलन करणारेही वृद्धच आहेत, जरी त्या सूत्राचा खरा फटका ज्यांना बसणार आहे ते आज तिशीच्या आत आहेत. अशा निवेदनावर आणि महापालिकेच्या प्रभागसभेत फुटपाथाच्या मागणीवर विशी-पंचविशीतील तरुणांनीही सही करावी, कारण २०६० साली त्या पेन्शनवर जगायचे आणि त्या फुटपाथवरून चालायचे आहे ते त्यांनाच.